अ‍ॅडजस्टेबल अंगठ्या आणि ब्रेसलेट: फट ठेवायची कुठे?

चंदेरी_तार

मंडळी, दीड वर्षापूर्वी हौस म्हणून चांदीकामाच्या वर्गाला जायला लागले. आता त्या हौसेने आमच्या मागच्या बाल्कनीचा ताबा घेतलाय आणि नवऱ्याची कुंड्या ठेवायची जागा गेली. अंगठ्या, कडी, ब्रेसलेट असं करते, ओळखीत आणि छोट्या प्रदर्शनांत विकते.

पहिल्या प्रदर्शनात मापाच्या बंद अंगठ्या ठेवल्या होत्या. जिला आवडायची तिला बसायची नाही, जिला बसायची तिला आवडायची नाही. म्हणून पुढच्या वेळी मागून उघड्या, दाबून मापाला आणता येतील अशा केल्या. ९२५ चांदी (म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी), वर पिंपळपान, पानाच्या मधोमध छोटा गार्नेट. चौदा गेल्या! दोन महिन्यांत तीन परत आल्या. एकीचा खडा निखळला, दुसरी खड्याच्या अगदी बगलेत तुटली, तिसरीचं टोक पैठणीच्या पदरात अडकून जर ओढली गेली. त्या ताईंचा फोन मी जन्मात विसरणार नाही.

प्रश्न असा, की अ‍ॅडजस्टेबल दागिना मुळात नीट घडवता येतो का, की ती कायम तडजोडच असते? आणि ब्रेसलेटचं काय करता? अनुभव येऊ द्या.

टवाळ_कार्टं

आमच्या साखरपुड्याची अंगठी अ‍ॅडजस्टेबल नव्हती. शेवटी मीच झालो.

कडक_कॉफी

हा विनोद येणार हे माहीत होतं, पण पहिल्याच प्रतिसादात येईल असं वाटलं नव्हतं.

मीनाक्षी_मावशी

अगं, तडजोड कसली? जोडवी काय आहेत मग? गेली एकतीस वर्षं पायात आहेत. खालून उघडी, घालताना बोटाला दाबून बसवायची, संपलं. लग्नात सासूबाईंनी अंगठ्याने दाबून बसवली ती त्यानंतर दोनदाच काढली, दोन्ही बाळंतपणांत, पाय सुजले म्हणून. तुटली नाहीत, सैल झाली नाहीत.

साडी अडकण्याचं मात्र खरं आहे. नवीन जोडव्यांत फॉलचा दोरा हमखास अडकतो. आमची आई नवी जोडवी आधी खरबरीत फरशीवर घासून टोकं बोथट करायची, मगच पायात. तू टोकं घासतेस का?

सोनारपुत्र

बाजाराच्या गावात आमचं तीन पिढ्यांचं दुकान. मी मात्र आयटीत, त्यामुळे माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते तुम्ही ठरवा.

वडील उघड्या अंगठीला "सोनाराचा आळस" म्हणायचे. बोटाचं माप घ्यायला दोन मिनिटं लागतात, ती वाचवायची आणि गिऱ्हाइकाला म्हणायचं तुम्हीच दाबून घ्या. पण तेच वडील बाळाची कडी कायम उघडीच करायचे. बारशाला मामाने आणलेली कडी बाळ वर्षाचं झालं तरी चालली पाहिजेत. टोकांना भरीव गोळे, म्हणजे बाळाने स्वतःच्या गालावर हात मारला तरी ओरखडा नको. मनगट्यांना तर दोराच. काळे मणी, सोन्याचे मणी, मागे गाठ. बाळ वाढलं की दोरा बदलायचा.

म्हणजे आळस उघडेपणात नाहीये. कोणाच्या हातात काय जाणार याचा विचार न करण्यात आहे. (वडिलांना हे त्यांच्या हयातीत सांगायची हिंमत झाली नाही.)

ताई, एक विचारू? घडवून झाल्यावर शेवटचा ताव, म्हणजे तापवून चांदी मऊ करणं, दिला होता का? की ठोकून, वाकवून, पॉलिश करून तशीच विकली?

चंदेरी_तार

@मावशी, टोकं घासते, पण कानशीने सरळ कापल्यासारखी. गोल नाही. चुकलंच.

@सोनारपुत्र, झाळकामानंतर (डाग देऊन तुकडे जोडल्यावर) गोल करताना लाकडी मोगरीने ठोकते, कारण वर्गात शिकवलं की ठोकल्याने चांदी कडक होते आणि आकार धरून ठेवते. नंतर ताव नाही. खडा बसवल्यावर तापवायची भीती वाटते.

सोनारपुत्र

भीती बरोबर आहे, खडा बसवल्यावर तापवू नकाच, तडकेल. ताव खड्याच्या आधी. मंद लाल होईपर्यंत तापवायची, लाली गेली की पाण्यात. पण मग ती मऊ होणार आणि रोज थोडी थोडी उघडत जाणार. म्हणजे कडक ठेवावी तर तुटते, मऊ ठेवावी तर पसरते. इथे माझं ज्ञान संपलं. कोणी इंजिनियर आहे का सभागृहात?

गावठी_इंजिनियर

हजर!

आधी एक प्रयोग. कागदाला लावायची टाचणीची तार, म्हणजे पेपर क्लिप घ्या. सरळ करा, परत वाकवा, परत सरळ. आठ-दहा वेळात तुटते. तुटायच्या आधी ती त्याच जागी वाकायला नकार देते आणि शेजारी वाकू लागते. वाकवलेला धातू कडक होतो आणि कडक धातू एका मर्यादेनंतर चिरतो. चांदीचंही तेच.

आता ताईंची अंगठी. फट मागे, खडा पुढे. टोकं धरून तुम्ही अंगठी फाकवता तेव्हा सगळ्यात जास्त वाक कुठे येतो? टोकांपाशी नाही, तिथे शून्य. फटीच्या बरोबर समोर, म्हणजे खड्यापाशी! पण खड्याचं घर जाडजूड, ते वाकत नाही. मग तो सगळा वाक घराच्या दोन्ही बगलांत गोळा होतो. तुमची दुसरी अंगठी नेमकी तिथेच तुटली ना? आणि घराला जो थोडा पीळ बसला त्याने पहिलीचा खडा सुटला. दोन तक्रारी, कारण एकच.

उपाय दोन. मागेच फट हवी असेल तर पट्टी बगलेत जाड ठेवा आणि टोकांकडे हळूहळू निमुळती करत न्या. म्हणजे वाक एका जागी न साचता सगळ्या पट्टीत वाटला जातो. पण नाजूक दिसावी म्हणून बगलेतच बारीक केली असेल तर कल्याण आहे.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. फट वर आणा, खडे टोकांवर बसवा. टोकांवर वाक येतच नाही, त्यामुळे खडा सुरक्षित. वाकेल तो तळहाताकडचा साधा, सारख्या जाडीचा भाग. दोन टोकं एकमेकांशेजारून जाणारी नागाची अंगठी बघा. ग्रीक आणि रोमन लोक घालायचे, आपल्याकडे देवळाबाहेर तांब्याची मिळते. डोकं एका टोकाला, शेपूट दुसऱ्या. डिझाईन करणाऱ्याला समीकरणं येत नव्हती, पण हात शहाणा होता.

आणि जाडी म्हणजे मजबुती, हे इथे उलटं पडतं. त्याच गोलाईला वाकवताना पट्टी जेवढी जाड तेवढा तिच्या बाहेरच्या पृष्ठभागावर ताण जास्त. म्हणून रुंद आणि पातळ पट्टी जाड गोल तारेपेक्षा जास्त वेळा वाकणं सहन करते. मावशींची जोडवी रुंद पट्टीचीच असणार.

मीनाक्षी_मावशी

हो, रुंदच आहेत. आणि वर खडा-बिडा काही नाही.

चंदेरी_तार

बापरे. मी नेमकी बगलेत बारीक करत होते. "नाजूक दिसते" म्हणून सगळ्यांनी कौतुकही केलं होतं.

टवाळ_कार्टं

कौतुक आणि ताण दोन्ही एकाच जागी साचले.

मुक्काम_टोरांटो

इकडे अ‍ॅडजस्टेबल ही चैन नाही, गरज आहे. जानेवारीत उणे पंधरात हातमोजा काढला की त्याबरोबर अंगठी जाते. माझी एक अशीच बर्फात गेली, बर्फ वितळल्यावर पार्किंगमध्ये शोधली, नाही मिळाली. तीच बोटं मे महिन्यात नागपूरला माहेरी गेले की वाळूत भाजलेल्या शेंगांसारखी टम्म. अंगठी निघता निघत नाही.

मापाबद्दल: आपल्याकडचा अंगठीचा नंबर म्हणजे ढोबळमानाने आतला घेर मिलिमीटरमध्ये, वजा चाळीस. १२ नंबर म्हणजे साधारण ५२ मिमी, १६ म्हणजे ५६. चार नंबर म्हणजे फक्त चार मिलिमीटर! हे कळल्यावर मला धक्काच बसला होता. "कोणत्याही बोटाला बसेल" असं लिहिलेल्या अंगठ्या मी तेव्हापासून घेत नाही. तीन-चार नंबरांपलीकडे ताणली की ती गोल राहत नाही, अंडाकृती होते आणि फटीत बोटाची कातडी चिमटली जाते.

नाशिकची_नंदा

माप घेताना संध्याकाळी घ्या हो. सकाळी उठल्या उठल्या नको, जिना चढून आल्यावर नको. आणि ज्यांची पेरं जाड आणि मूळ बारीक, त्यांना उघडी अंगठीसुद्धा उपयोगाची नाही. पेरावरून जाईल एवढी फाकवायची, मग मुळाशी दाबायची, रोज दोनदा. वर इंजिनियर साहेबांनी सांगितलेली पेपर क्लिप! सासऱ्यांच्या बोटांना संधिवात आहे. त्यांच्या बंद अंगठीत सोनाराने आतून दोन छोटे मणी झाळून दिले. पेरावरून सरकते, मुळाशी गरगर फिरत नाही.

कडक_कॉफी

आमच्याकडे मणी-बिणी नाही. लग्नाची अंगठी सैल झाली की आतल्या बाजूला शिवणाचा दोरा गुंडाळायचा. आधी पांढरा, मग हळदीचा, मग कशाचा ते विचारू नका.

टवाळ_कार्टं

अंगठीचं वय दोऱ्याच्या थरांवरून मोजता येतं. झाडासारखं.

रात्रपाळी_सिस्टर

मी इमर्जन्सीत काम करते, म्हणून दुसरी बाजू सांगते. सुजलेल्या बोटातून बंद अंगठी निघाली नाही तर आधी साबण, मग दोरा गुंडाळून काढायचा प्रयत्न, तेही नाही जमलं तर छोट्या चकतीच्या कटरने कापतो. आजीबाई रडतात हो, "पंचेचाळीस वर्षांची आहे, कापू नका". उघडी अंगठी अशा वेळी दोन चिमट्यांनी फाकवली की सुटते.

आणि बंद अंगठी यंत्रात, गेटच्या खिळ्यात, टेम्पोच्या फाळक्यात अडकली तर बोटाचं जे होतं ते इथे लिहीत नाही. उघडी निदान उघडून सुटायची शक्यता असते. तरीही कामावर जाताना अंगठी काढून ठेवा, कोणतीही असो.

सोनारपुत्र

सिस्टर, हे वडिलांना ऐकवायला हवं होतं.

आज्जीचा_डबा

अवांतर होईल, पण मूळ अ‍ॅडजस्टेबल अंगठी दर्भाची! पवित्रक. भटजी दोन काड्या पिळून, गाठ मारून अनामिकेत घालायला देतात. कोणाचंही बोट असो, बसते. केरळात पय्यन्नूरला सोन्यात तसली गाठीची अंगठी घडवतात, पण ती पुन्हा मापाची. गवतातली सोय सोन्यात आली की गेली.

आपले बाकीचे दागिने बघा. ठुशीला मागे सरकता गोफ, बाजूबंदाला दोरे आणि गोंडे, वाकी उघडी. दंड जाड-बारीक होणारच हे धरूनच केलेलं. बांगडी तेवढी अडेल. आणि तिचं माप तर काय सांगावं, २.४, २.६, २.८ आणि मग २.१०!

कडक_कॉफी

मला हे २.१० कधीच कळलेलं नाही. २.८ पेक्षा मोठं कसं? गणितात २.१ आहे ना ते?

आज्जीचा_डबा

अरे तो दशांश नव्हे, आणे! इंचाचे सोळा भाग. २.४ म्हणजे दोन इंच चार आणे, सव्वादोन इंच. २.८ म्हणजे अडीच. २.१० म्हणजे दोन आणि दहा सोळांश, साधारण ६६.७ मिमी आतला व्यास. रुपयातून आणे गेले, कासाराकडे राहिले.

कडक_कॉफी

चाळीस वर्षं जगलो, आज कळलं. बायकोला आत्ताच सांगितलं. ती म्हणाली, "तुला माहीत नव्हतं?"

गावठी_इंजिनियर

या धाग्याने माझेही पैसे वसूल. तोड्यांचा मळसूत्री पेचही भारी प्रकार. मागचा तुकडा निघतो, हात जातो, पेच फिरवून बंद. १९६९ मध्ये डिझायनर आल्दो चिपुल्लोने कार्तिए या फ्रेंच दागिन्यांच्या कंपनीसाठी 'लव्ह' ब्रेसलेट केलं, पेच आणि सोबत छोटा पेचकस. जगभर त्याचं कौतुक. आमच्या पणजीच्या तोड्याचा पेच मात्र बोटांनीच फिरायचा.

नाशिकची_नंदा

तोडे, पाटल्या, कार्तिए... ताईंनी ब्रेसलेटचं विचारलंय, ते राहिलंच की.

माझा अनुभव: इलॅस्टिकवाली मण्यांची ब्रेसलेट दीड वर्षात हमखास तुटतात, तेही बसमध्ये. सीटखाली वाकून मणी वेचणारी मी एकटीच नसेन. आता मी सरकगाठीची घेते. दोन्ही टोकं एकमेकांवर गाठीने बांधलेली, ओढलं की लहान, सोडवलं की मोठं. राखीसारखं. दोरा मळतो, पण पन्नास रुपयांत बदलून मिळतो.

मुक्काम_टोरांटो

साखळीचं असेल तर शेवटी दोन इंचाची जास्तीची साखळी लावून दे. हिवाळ्यात पहिली कडी, उन्हाळ्यात शेवटची. लोंबत्या टोकाला एक मणी, म्हणजे ते मुद्दाम केल्यासारखं दिसतं. चुंबकाचे चाप मात्र पेसमेकर असलेल्यांना विकू नकोस, विचारून घे.

सोनारपुत्र

उघडं कडं करणार असाल तर फट इंचभराची ठेवा. आणि घालायची पद्धत गिऱ्हाइकाला करून दाखवा. लोक काय करतात? दोन्ही टोकं धरून फाकवतात, मनगटात कोंबतात, दाबतात. रोज. सहा महिन्यांत मध्ये चीर. कडं फाकवायचंच नाही. मनगटाच्या हाडाच्या जरा वर, जिथे मनगट सगळ्यात बारीक, तिथे एक टोक कडेने सरकवायचं आणि कडं फिरवून घ्यायचं. आमच्या दुकानात वडील प्रत्येक गिऱ्हाइकाला तीनदा करायला लावायचे. तिसऱ्यांदा जमलं की मगच बिल.

मेमरी वायरची वेटोळी ब्रेसलेट मिळतात ती कडक स्टीलची तार असते, ती कापायला चांदीची पक्कड वापरू नका. धारेला दात पडतात. हे मी स्वतः करून बसलोय.

रात्रपाळी_सिस्टर

आणखी एक. स्वस्तात करायचं म्हणून जर्मन सिल्व्हरकडे वळू नका. त्यात चांदी नसतेच, तांबं, निकेल आणि जस्त असतं. निकेलने कितीतरी जणींच्या मनगटाला पुरळ येतं. बोट हिरवं होतं ते बहुतेक तांब्याने, ते धुतलं की जातं.

चंदेरी_तार

किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी! वहीची तीन पानं भरली.

माझ्या डोक्यात आता असं बसतंय. दोन वेगळ्या गोष्टींना मी एकच नाव देत होते. एक, जोडव्यासारखं: एकदा मापाला बसवायचं आणि विसरायचं. दुसरं, रोज घालायचं-काढायचं. पहिल्यात धातू वाकला तरी चालतो, कारण आयुष्यात चार वेळा वाकणार. दुसऱ्यात तो वाकायलाच नको. तिथे गाठ, साखळी, पेच, काहीही, पण वाक नको. आणि माझ्या अंगठ्या पहिल्या प्रकारच्या होत्या, गिऱ्हाइकं वापरत होती दुसऱ्या प्रकारे, कारण मी "अ‍ॅडजस्टेबल" एवढंच लिहिलं होतं.

आता पाच नवीन करते. फट वर, दोन पानं एकमेकांशेजारून जाणारी, खडा एका पानावर. टोकं वितळवून गोल. एक नमुना कोणाला तरी रोजच्या कामात वापरायला द्यायचाय.

मीनाक्षी_मावशी

मला दे. रोज वीस पोळ्या करते. वर फट म्हटल्यावर त्यात कणीक अडकणार, लिहून ठेव. वेणी घालताना केसही.

गावठी_इंजिनियर

मावशींचा मुद्दा बिनतोड. पानं एकमेकांवर थोडी चढती ठेवा, समोरासमोर फट नको. म्हणजे केस शिरायला वाट नाही.

चंदेरी_तार

(पाच आठवड्यांनी)

धागा वर काढतेय. पहिल्या दोन फसल्या. पानं एकमेकांवर इतकी चढवली की माप वाढवताना घासायला लागली, वरच्या पानाची शीर पुसली गेली. तिसरीत पानांमध्ये कागदाएवढी जागा ठेवली, तळहाताकडची पट्टी एक मिमी जाड आणि चार मिमी रुंद केली, खड्याआधी ताव दिला आणि शेवटी मोगरीने हलकेच ठोकली. १२ ते १५ नंबरपर्यंत जाते, त्यापुढे मी स्वतःच जाऊ देत नाही. सोबत चिठ्ठी: "एकदाच बसवा. रोज फाकवू नका. अंगठी पेरावरून फिरवत काढा."

पैठणीवाल्या ताईंना चौथी फुकट पाठवली. फोन आला नाही. चांगलं लक्षण समजते.

मावशी, तुमची कशी आहे?

मीनाक्षी_मावशी

कणीक पानाखाली अडकते, पण जुन्या दातांच्या ब्रशने निघते. केस एकदाच अडकले, तेही सुनेचे. माप अजून तेच आहे, एकदाही दाबायला लागली नाही.

फक्त नमुना परत मागू नकोस. भिशीत सगळ्यांनी बघितली, आता काढली तर विचारतील.

टवाळ_कार्टं

भिशीत किती जणी आहेत मावशी? ताई, चांदी आणून ठेवा.

मीनाक्षी_मावशी

अकरा. पण त्यातल्या तिघींची पेरं जाड आहेत. त्यांना ते आतल्या दोन मण्यांचं करून दे.